अक्षरांचे आंकडे

मराठी मनुष्यास वाद घालण्यासाठीं विषय शोधावा लागत नाहीं. तरीहि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संगणकानें त्याच्या घरांत जो एक नवा विषय आणून सोडला आहे, तो इतका घरगुती आहे कीं, त्याविषयीं कोणीं गंभीरपणें लिहावें असें फारसें कोणास वाटलेलें दिसत नाहीं. यंत्रावर मराठी लिहावें कसें, हा तो विषय. बोरू बरा कीं टांक, टांक बरा कीं फाउंटनपेन, असले वाद आमच्या आजोबांच्या पिढीनेंहि घातले. पण त्यांत जो हरे त्याचें फार तर अक्षर बिघडे. कागदावर उतरलेला मजकूर कोणत्याहि लेखणीनें लिहिला तरी तोच राही, आणि ज्यास म्हणून वाचतां येई त्यास तो वाचतां येई. आजच्या वादाची गोष्ट तशी नाहीं. ती कशी नाहीं हें सांगण्यापूर्वीं हा वाद चालतो कसा तें सांगितलें पाहिजे.

आमच्याच घराचें उदाहरण घेतों. थोरल्या बंधूंचा जन्म सरकारी कचेरींत गेला. टंकलेखनाची परीक्षा देऊन ते नोकरीस लागले, आणि निवृत्त होऊन बारा वर्षें झालीं तरी त्यांचीं बोटें अजून त्या जुन्या यंत्राच्याच वाटेनें चालतात. संगणकावरहि त्यांनीं तीच मांडणी लावून घेतली आहे. ती कोणत्या तत्त्वावर बसविली आहे असें विचारलें तर ते म्हणतात, “तत्त्व कसलें? सवय!” त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, पुण्यास संगणकाच्याच धंद्यांत आहे, तो इन्स्क्रिप्ट मांडणीचा कैवारी. वहिनी मोबाइलवर इंग्रजी अक्षरें दाबून मराठी उमटवितात, आणि या दोघांहि पंडितांच्या आधीं त्यांचें पत्र पुरें होतें. शेजारचे एक सद्गृहस्थ तर हल्लीं लिहीतच नाहींत. ते यंत्राशीं बोलतात आणि यंत्र लिहून घेतें. त्यानें मधूनच भलता शब्द घातला तर ‘चालायचेंच’ म्हणून ते सोडून देतात. एवढी क्षमा त्यांनीं नोकरींत असतांना आपल्या कारकुनांस केल्याचें ऐकिवांत नाहीं.

माझें मत पुतण्याच्या बाजूचें आहे, हें आडपडदा न ठेवतां सांगून टाकतों. इन्स्क्रिप्ट मांडणी ज्यांनीं बसविली त्यांनीं आपल्या वर्णमालेकडे पाहून ती बसविली. स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताला, व्यंजनें बहुतेक उजव्या हाताला. क आणि ख एका कळीवर, ग आणि घ एका कळीवर. इ हा स्वर आणि त्याची वेलांटी यांचीहि कळ एकच. ज्यास बाराखडी येते त्यास ही मांडणी पंधरा दिवसांत येते. शिवाय बंगाली, गुजराती, तेलुगु यांच्या मांडणींतहि क ची जागा तीच असल्यामुळें एकदां शिकलेली बोटें परमुलखांतहि चुकत नाहींत.

परंतु वहिनींच्या पद्धतीवर पुतण्या जो राग करतो तो मला पटत नाहीं. त्या इंग्रजी कळा दाबतात खऱ्या, पण शेवटीं उमटतें तें देवनागरीच. हानि असेल तर ती, जे मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांतच लिहून तसाच पाठवून देतात, त्यांच्या लेखनांत आहे. एम, ए, एल, ए हीं चार अक्षरें घ्या. त्यांतून मला निघतें, माला निघते, माळा निघतो आणि मळाहि निघतो. मुलानें मुंबईहून ‘माळा विकला’ म्हणून कळवावें आणि बापानें गांवीं ‘मळा विकला’ असें वाचून अंथरूण धरावें, असा प्रसंग कोठें घडला असल्यास मला आश्चर्य वाटणार नाहीं.

तथापि हे सारे वाद बोटांचे झाले. बोटांना जी वाट मानवेल तिनें त्यांनीं जावें. अक्षर एकदां यंत्रांत गेलें म्हणजे तें कोणत्या वाटेनें आलें हें यंत्र विचारीत नाहीं. विचारावयाची गोष्ट निराळीच आहे. यंत्राच्या पोटांत जें राहतें, तें काय असतें? आणि तें पुढें कोणास वाचतां येईल?

संगणकास क कळत नाहीं. त्यास आंकडा तेवढा कळतो. क ची कळ दाबली कीं यंत्राच्या पोटांत एक आंकडा टिपला जातो, आणि तो आंकडा आढळला कीं पडद्यावर क चें चित्र काढावयाचें, असा एक करार असतो. सध्यां जगभर जो करार चालतो त्यास युनिकोड म्हणतात. त्यांत देवनागरीच्या वांट्यास २३०४ पासून २४३१ पर्यंत १२८ जागा आल्या आहेत, आणि त्यांत क ची जागा २३२५ आहे. यंत्र सांगलींतलें असो कीं पॅरिसमधलें असो, २३२५ म्हणजे क. आमच्या मराठी ‘दऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ यांतला तो वांकडा र सुद्धां या यादींत आहे. मात्र तो बसला आहे द्राविडी भाषांतील एका र साठीं राखलेल्या जागेवर. ‘ॲ’ हें अक्षर तर मराठीला स्वतंत्र जागेनिशीं मिळालें तें २००८ सालीं. पण हे तपशील झाले. करार आहे, ही मुख्य गोष्ट.

हा करार पुष्कळ दिवस नव्हता. म्हणजे कागदोपत्रीं होता. भारतीय मानक ब्यूरोनें इस्की नांवाची संहिता १९९१ सालीं प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली. युनिकोडची पहिली आवृत्तीहि त्याच सालची, आणि तिच्यांतील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली. परंतु सामान्य मनुष्याच्या टेबलावरील यंत्रास देवनागरी ही लिपि म्हणून ओळखतां येऊं लागली ती विंडोज २००० या प्रणालीपासून. तिच्याबरोबर ‘मंगल’ नांवाचा जो फाँट आला तो प्रा. र. कृ. जोशी यांनीं रेखाटलेला. तोंपर्यंत मराठी छपाई थांबली होती काय? मुळींच नाहीं. गल्लोगल्लीं टंकलेखनाचीं दुकानें निघालीं होतीं, आणि त्यांनीं एक युक्ति चालविली होती. यंत्रास इंग्रजी अक्षरांच्या आणि कांहीं परकीय खुणांच्या म्हणून ज्या जागा ठाऊक होत्या, त्यांच जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे नेऊन बसवावयाचे. कोठें अर्धा क, कोठें काना, कोठें रफार. यंत्रास वाटे कीं आपण इंग्रजी लिहीत आहों. कागदावर उमटे मराठी.

या युक्तीला मी नांवें ठेवीत नाहीं. लग्नपत्रिकेपासून पीएच.डी. च्या प्रबंधापर्यंत महाराष्ट्राचें पुष्कळसें लेखन त्या काळांत तिच्याच जोरावर छापलें गेलें. पण तिच्यांत एक खोट होती. कोणता तुकडा कोणत्या जागेवर बसवावयाचा, हें प्रत्येक फाँट करणारा आपल्या मनाप्रमाणें ठरवी. एकाच्या मजकुराला दुसऱ्याचा फाँट लावला कीं क च्या जागीं भलताच तुकडा येऊन उभा राही. आणि फाँटच नसला तर मराठी मजकुराच्या जागीं इंग्रजी अक्षरें, पौंडाच्या खुणा आणि उलटीं प्रश्नचिन्हें यांचा कचरा दिसे. लिहिलें आपण, पण वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, असा तो व्यवहार होता.

आमच्या आत्याच्या आठवणी टंकलिखित झाल्या त्या याच काळांत, १९९७ सालीं. आत्याचा जन्म १९२० चा. पंचाहत्तरी उलटल्यावर तिनें दोन वह्या भरून काढल्या, आणि सांगलींतील एका दुकानांत स्वतः बसून त्या यंत्रावर घालून घेतल्या. ती जुन्या वळणाची. तिचें शिक्षण फार झालेलें नव्हतें, पण जेवढें झालें होतें तेवढें पक्कें होतें; ‘नाहीं’ वरचें आणि ‘केलें’ वरचें टिंब गळलें तर तिला तें कपाळावरचें कुंकू पुसल्यासारखें वाटे. दुकानांतला पोरगा विशीचा होता. त्याला हे अनुस्वार कशासाठीं तें कळत नव्हतें. पण म्हातारी शेजारीं खुर्ची घेऊन बसलेली, तेव्हां त्यानें एकूण एक टिंब दिलें. आत्या २००३ सालीं गेली. वह्या २००५ च्या कृष्णेच्या पुरांत भिजून लगदा झाल्या. एक छापील प्रत काढली होती, ती कोणत्या नातेवाइकाकडे गेली याचा पत्ता लागला नाहीं. उरली ती फाइल. ती फ्लॉपीवरून तबकडीवर आणि तबकडीवरून पुतण्याच्या यंत्रावर, अशी बिऱ्हाडें बदलीत आली होती.

दोन वर्षांपूर्वीं त्या आठवणींचें लहानसें पुस्तक काढावें असें घरांत ठरलें, आणि पुतण्यानें फाइल उघडली. त्या दुकानांतला फाँट त्याच्या यंत्रांत अर्थातच नव्हता. पडद्यावर जें आलें त्याचें वर्णन वर केलेंच आहे. बंधु म्हणाले, “हें गेलें.” पुतण्या म्हणाला, “गेलें नाहीं, बाबा, सगळें आहे. आपल्याला वाचतां येत नाहीं एवढेंच.” त्याचें म्हणणें बरोबर होतें. कोठून तरी त्यानें तो जुना फाँट मिळविला, आणि जुन्या आंकड्यांचें नव्या आंकड्यांत रूपांतर करणारें एक कोष्टक तयार करावयास घेतलें.

कोष्टक म्हटलें कीं पाढ्यांसारखें सरळ काम वाटतें. तें तसें नाहीं. त्या जुन्या फाँटांतून अक्षरांचे तुकडे डोळ्यांना दिसतात त्या क्रमानें ठेवलेले असत. ‘स्थिति’ लिहावयाचें तर आधीं पहिली वेलांटी, मग अर्धा स, मग थ. ‘धर्म’ लिहावयाचें तर ध, मग म, आणि शेवटीं म च्या डोक्यावर रफार. युनिकोडांत क्रम डोळ्याचा नाहीं, जिभेचा आहे: ध, मग र, त्याचा पाय मोडल्याची खूण, आणि मग म. म्हणून वेलांटी पुढून उचलून जोडाक्षराच्या पलीकडे नेऊन ठेवावी लागते, आणि रफार मागून काढून पुढें आणावा लागतो. पुतण्याच्या पहिल्या खेपेस ‘स्थिति’ची वेलांटी स आणि थ यांच्या मध्येंच अडकून बसली होती.

या वेलांटीचा इतिहास मोठा मौजेचा आहे. वडिलांच्या जुन्या पेटींत ‘किर्लोस्कर’ मासिकाचे कांहीं अंक आहेत. त्यांत ‘अि’, ‘अु’, ‘अे’ अशीं अक्षरें छापलेलीं दिसतात. सावरकरांनीं लिपिशुद्धीचा जो पुरस्कार केला त्याचा तो अवशेष. त्याच्याहि आधीं खिळ्यांची संख्या कमी कशी करतां येईल याचा विचार लोकमान्य टिळकांनीं ‘केसरी’साठीं केला होता. खिळे जुळविणाऱ्यापुढें शेंकडों खणांच्या पेट्या असत. इंग्रजी जुळाऱ्याचें काम त्यामानानें पोरखेळ. तेव्हां ‘यंत्र लिपीसारखें होत नाहीं, तर लिपि यंत्रासारखी करूं’ असें ज्यांना वाटलें त्यांना हंसण्याचें कारण नाहीं. या विचाराची मजल १९५३ सालीं लखनौ येथें भरलेल्या परिषदेपर्यंत गेली. पहिली वेलांटी उच्चारानें अक्षराच्या मागून येते, तर ती लिहावीहि मागूनच, उजव्या बाजूला, असें त्या परिषदेनें ठरविलें. लोकांच्या डोळ्यांना तें रुचलें नाहीं, आणि थोड्याच वर्षांत तो ठराव मागें घ्यावा लागला. आतां गंमत पाहा. इस्कीनें आणि तिच्यामागून युनिकोडनें नेमकें तेंच केलें आहे, पण यंत्राच्या पोटांत. तेथें क चा आंकडा आधीं आणि वेलांटीचा मागून. पडद्यावर मात्र वेलांटी आपली पूर्वीच्याच जागीं, अक्षराच्या डावीकडे, निमूटपणें येऊन बसते. लखनौचा ठराव अशा रीतीनें अमलांत आला, आणि तो वाचणाऱ्याच्या लक्षांतहि आला नाहीं. लिपीला कात्री लावण्याऐवजीं आणखी तीस-चाळीस वर्षें वाट पाहिली असती तरी चाललें असतें, असें म्हणणें आज सोपें आहे. तेव्हां कोणास तें कळणें शक्य नव्हतें.

असो. वेलांट्या जागेवर आल्या, रफार आले, आणि पुतण्यानें एकशें बारा पानांचा मजकूर माझ्या हातीं तपासण्यासाठीं दिला. मी बैठक मारून वाचूं लागलों. बावन्नाव्या पानावर, आत्याच्या जन्माआधींच्या म्हणजे १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाच्या हकीकतींत, हीं वाक्यें होतीं:

‘आश्विनांत वाड्यांत ताप शिरला. आजीने मुलांना माडीवर निजविले. चौथ्या दिवशी ती गेली. पुढे माडीवर कोणी निजले नाही.’

यांत अडखळण्यासारखें कोणास कांहीं दिसणार नाहीं. आजीनें तापलेल्या मुलांची शुश्रूषा केली आणि त्यांतच ती गेली. पुतण्यानें पुस्तकाच्या शेवटीं जोडावयाची वंशावळ तयार केली होती. तींत पणजीच्या नांवापुढें ‘मृत्यु १९१८’ असें त्यानें या वाक्याच्या आधारें घालूनहि टाकलें होतें. पण मला तीं टिंबें खटकलीं. ‘आश्विनांत’ आणि ‘वाड्यांत’ यांवर टिंब आहे, आणि ‘आजीने’, ‘निजविले’, ‘नाही’ यांवर नाहीं. आत्या असें कधींहि लिहिणार नाहीं. तिनें दिलें असतें तर सर्वांवर दिलें असतें.

पुतण्यास विचारलें तेव्हां तो म्हणाला, “काका, तें मीच केलें आहे. त्या फाँटांत नुसतें टिंब निराळें आहे, तें मी ठेवलें. पण दुसरी वेलांटी आणि टिंबाची दुसरी वेलांटी यांचे दोन निराळे तुकडे आहेत. मात्रेचेहि तसेच दोन. ते मी एकेकांत घातले. नाहीं तरी १९६२ च्या नियमांप्रमाणें हीं टिंबें जाणारच होतीं. उरलीं आहेत तीं शुद्धलेखनाच्या तपासणींत काढणार होतों.”

“फाइलींत ते आंकडे अजून निराळे आहेत ना?”

“आहेत कीं. फाइलीला मी हात लावलेला नाहीं. कोष्टकांत दोन ओळी बदलल्या कीं झालें.”

त्यानें दोन ओळी बदलल्या. एक मिनिटहि लागलें नाहीं. बावन्नावें पान पुन्हां उघडलें. ‘आजीनें मुलांना माडीवर निजविलें. चौथ्या दिवशीं तीं गेलीं. पुढें माडीवर कोणी निजलें नाहीं.’

ती गेली म्हणजे आजी गेली. तीं गेलीं म्हणजे मुलें गेलीं. किती, हें टिंब सांगत नाहीं. एकाहून अधिक, एवढेंच सांगतें. आत्याचीं आणि माझ्या वडिलांचीं थोरलीं भावंडें तीं. त्यांचीं नांवें आत्यानें कोठेंहि दिलेलीं नाहींत. तिलाहि तीं कोणीं सांगितलीं नसावींत. वडिलांच्या तोंडून तर मीं या मुलांविषयीं एक अक्षरहि ऐकलेलें नाहीं. त्या माडीवर आमच्या लहानपणीं धान्याच्या कणग्या असत, आणि आम्हां मुलांस वर जाण्याची बंदी होती. जिना मोडका आहे, असें सांगत. जिना मोडका नव्हता.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर आमच्या घरांत जो वाद झाला, तो मात्र बोटांचा नव्हता. पुतण्याचें म्हणणें असें: अर्थ कळला, आतां टिंबांचें काय काम? ‘ती मुले गेली’ असें लिहूं, वंशावळ दुरुस्त करूं, आणि बाकीचा मजकूर आजच्या नियमांप्रमाणें शुद्ध करून घेऊं. नाहीं तर घरांतलीं मुलें पुस्तक हातीं धरणार नाहींत. मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनानें १९६२ सालीं मान्य केले, साठ वर्षें सारा महाराष्ट्र त्यांप्रमाणें लिहितो; युनिकोड हा जसा करार तसाच हाहि करार; मग एक पाळावा आणि दुसरा मोडावा, हा न्याय कोणता? बंधु त्याच्या बाजूचे होते. कचेरींत त्यांनीं जन्मभर नव्या नियमांचींच पत्रें टंकलीं.

हें म्हणणें पोरकट नाहीं. उच्चारांत नसलेले अनुस्वार मुलांकडून घोकून घेण्यांत शाळांचा किती काळ जाई हें ज्यांनीं पाहिलें आहे, ते १९६२ च्या नियमांस वाईट म्हणणार नाहींत. मीहि म्हणत नाहीं. माझ्या लेखनांत मी अनुस्वार देतों तो वडिलांनीं लावलेल्या वळणामुळें, आणि हा लेख लिहितांना यंत्र माझ्या जवळजवळ प्रत्येक शब्दाखालीं तांबडी रेघ ओढीत आहे, त्याचा मला रागहि येत नाहीं. त्याला जें शिकविलें तें तें करतें. परंतु आपण स्वतः नव्या नियमांनीं लिहिणें निराळें, आणि दुसऱ्यानें लिहून ठेवलेलें एका कराराखालून दुसऱ्या कराराखालीं नेतांना त्यांतलें कांहीं निरुपयोगी म्हणून वाटेंत टाकून देणें निराळें. जुन्या फाइलींत दोन आंकडे होते. कोष्टकांत त्यांचा एक झाला. दोहोंचा एक करावयास क्षण लागत नाहीं. पण मूळ फाइल नष्ट झाल्यावर त्या एकाचे पुन्हां दोन कोणास करतां येणार आहेत? ‘ती गेली’ या शब्दांकडे कितीहि वेळ पाहत बसलें तरी त्यांतून तीं मुलें बाहेर येत नाहींत. आमच्या घरीं फाइल होती आणि ती उघडणारा मुलगा घरचा होता. महाराष्ट्रांत त्या पंधरा-वीस वर्षांतल्या प्रबंधांच्या, स्मरणिकांच्या, गांवोगांवच्या संस्थांच्या हकीकतींच्या ज्या फाइली जुन्या फाँटांत पडून आहेत, त्यांचें रूपांतर कोण करील, आणि करणारा कोणत्या दोन आंकड्यांचा एक करील, हें सांगतां येत नाहीं. त्यास कोणी विचारणाराहि बहुधा नसेल.

‘ती मुले गेली’ असें लिहिण्यास माझा विरोध दुसऱ्याहि एका कारणानें होता, आणि तें मी त्या रात्रीं नीट सांगूं शकलों नाहीं. आत्यानें ‘मुलें गेलीं’ असें लिहिलेलें नाहीं. तिला तें लिहितां आलें असतें. तिनें ‘तीं गेलीं’ एवढेंच लिहिलें आणि ती पुढच्या वाक्याकडे वळली. तिच्या घरांत त्या मुलांविषयीं जितकें बोलत, तितकेंच तिनें लिहिलें.

वहिनी इतका वेळ ओटा आवरीत होत्या. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, “आत्याबाई त्या पोराशेजारीं खुर्ची टाकून बसल्या होत्या त्या कशाला? टिंबें मोजायलाच ना? मग राहूं द्या कीं तीं.” त्यानंतर बंधूंनीं विषय वाढविला नाहीं. पुतण्यानें वंशावळींतला पणजीच्या नांवापुढचा आंकडा खोडला, आणि आजोबांच्या खालीं, आत्याच्या आधीं, नांवाशिवाय एक रेघ काढून ठेवली.

पुस्तक जुन्याच लेखनांत निघावयाचें ठरलें, आणि छापखान्याशीं बोलणें झालें. छापखान्याचे मालक अनुभवी आणि सज्जन. त्यांनीं मजकूर पाहिला, पानांचा हिशेब केला, कागद दाखविला, आणि मग म्हणाले, “हें युनिकोड आहे वाटतें? आमच्याकडचें पानें लावण्याचें यंत्र जुनें. त्यांत हें नीट उतरत नाहीं. आमच्या फाँटांत करून आणा.” पुतण्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एवढ्या खटपटीनें बाहेर काढलेलें लेखन पुन्हां तसल्याच एका कोठडींत घालावयाचें, आणि तेंहि स्वतःच्या हातानें! पण छपाईचा दर परवडणारा होता आणि मनुष्य ओळखीचा होता. त्यानें मालकांपाशीं त्यांच्या फाँटाची यादी मागितली आणि टिंबाची दुसरी वेलांटी तींत आहे कीं नाहीं तेवढें आधीं पाहिलें. मालकांनीं चष्मा पुसून यादीवर बोट फिरविलें. “आहे,” ते म्हणाले, “पण इतक्या वर्षांत कोणीं मागितल्याचें आठवत नाहीं.”

उलटें कोष्टक तयार होऊन मजकूर छापखान्यांत गेला आहे. प्रुफें पुढच्या आठवड्यांत यावयाचीं आहेत. तीं आलीं म्हणजे मी प्रथम बावन्नावें पान काढणार आहें.